खाली सांगायचं नाही

शनिवार, २ ऑगस्ट २००३

आले एकदाची लोस माइतेनेसला. बसमधून उतरतानाच पिशवी उसवली आणि माझे सगळे मोजे रस्त्यावर पसरले. एक म्हातारा पुढं झाला. त्यानं ते सावकाश जोडीनं लावून माझ्या हातात दिले आणि विचारलं, “दुकान मांडायला आलीस की राहायला?” मी राहायला म्हटलं. तर म्हणे, मग एवढे पुरायचे नाहीत, इथली ओल हाडात शिरते.

खोली मजेची आहे. खाणकामगारांच्या जुन्या चाळीतली शेवटची, खिडकीत उभं राहिलं की समुद्र. घरमालकीण ओर्फेलिनाबाई सत्तरीच्या, पण पाठ ताठ. त्यांच्या स्वयंपाकघरात एका पोरसवदा माणसाचा फोटो आहे, खाली मेणबत्ती. हे कोण म्हणून विचारलं तर म्हणाल्या, अर्नोल्दो, माझे यजमान. काय करतात? खाणीत आहेत. खाण तर सहा वर्षांपूर्वीच बंद पडली, हे अगदी ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात त्यांनी गरम पाव पुढं केला. चाळीसमोर एक सामायिक भट्टी आहे, तिथं बायका पाळीनं पाव भाजतात. तीन खाल्ले, लोणी लावून, वर हिरव्या मिरचीची चटणी.

चार वर्षं चियान शहरातल्या चपलांच्या दुकानात गिऱ्हाइकांचे पाय धरले. आता बंद खाण पाहुण्यांना दाखवायची, म्हणजे पगार मिळणार आहे तो बोलण्याचा. वडील म्हणायचे, नेलिदाच्या जिभेला हाड नाही. बघा म्हणावं, त्याच जिभेवर नोकरी लागली!

सोमवार, ४ ऑगस्ट

मोजेवाला म्हातारा निघाला माझा गुरू. बाल्दोकाका. हयात खाणीत गेली, आता पर्यटकांना आत नेणाऱ्यांना वाट दाखवतात. आमचे साहेब मार्सियाल हे चाळिशीचे, घाईचे गृहस्थ. त्यांनी एक टोपी, एक दिवा आणि किल्ल्यांचा जुडगा दिला, आणि सांगितलं की लोक आले नाहीत तर हेही बंद होईल.

सान रोमान ही कोळशाची खाण उतरत उतरत समुद्राखाली जाते. डोक्यावर छत, छतावर समुद्र. पाणी कुठूनतरी ठिबकत असतं. वर बाकावर बसलेले म्हातारे मला बघून एकमेकांना ढोसत होते. पूर्वी म्हणे बाई आत गेली की खाण रुसायची. बाल्दोकाका म्हणाले, “आता रुसून करते काय? तिला विचारतंय कोण?” सगळे खोकत खोकत हसले. इथं हसणं आणि खोकणं एकच.

बोगद्याच्या शेवटी एक लोखंडी दार आहे. हवेचं दार. हवा कुठं जावी, कुठं जाऊ नये ते या दारांवर ठरायचं. वरून आडकडी पडते, कडीला कुलूप. दारावर खडूनं क्रूस काढलेला. अठ्ठावन्न साली पलीकडे आग लागली, छताचा दगड दारावर कोसळला, दार आपटलं, कडी पडली, आणि सात माणसं पलीकडे राहिली. अजून तिथंच आहेत. त्यांतले एक अर्नोल्दो. कंपनी तिथं भिंत घालणार होती. विधवांनी घालू दिली नाही. पाहुण्यांना हे एवढंच सांगायचं आणि मागं फिरायचं. आत वायू साठलेला असतो, कुलपाला हात लावायचा नाही, असं मार्सियालनी मला बजावलं.

ओर्फेलिनाबाईंचं “खाणीत आहेत” मग कळलं. संध्याकाळी त्यांच्याकडे बघवेना.

रविवार, १० ऑगस्ट

आज खाणवाल्यांच्या संताचा दिवस, सान लोरेन्सोचा. चाळीतल्या बायका नटून, ओठांना रंग लावून खाली आल्या. मीच दिवा धरला होता. दारापाशी पाव ठेवले, गार चहाची बाटली ठेवली. मग ओर्फेलिनाबाई दाराला तोंड लावून, शेजारणीशी बोलावं तशा बोलल्या. पुतणीचं लग्न झालं. चाळीत नळ आला. आणि शेवटी, “दगड पडला, अर्नोल्दो. तुम्हाला ठाऊकच आहे. कुणाचा दोष नाही.” बाकीच्या बायका पाठोपाठ म्हणाल्या, कुणाचा दोष नाही.

मला रडू आलं. बाल्दोकाका लांब वळणापाशी टोपी काढून उभे होते. पुढं आले नाहीत.

मंगळवार, १२ ऑगस्ट

आज सुट्टी. बाल्दोकाकांबरोबर किनाऱ्यावर गेले. लाटांबरोबर कोळशाचे तुकडे येतात, ते गुडघाभर पाण्यात उभं राहून जाळ्यानं गाळायचे. माझी पहिली लाट तोंडावर आली. काका म्हणाले, समुद्राचं मीठ कमी पडलं होतं वाटतं. मग वाळूत बसून पाव खाल्ला. मी म्हटलं, पाहुण्यांना सांगायला काहीतरी द्या ना, सगळे जांभया देतात. त्यांनी जाळं झटकून गुंडाळलं. मग जे बोलले ते लिहू की नको असं झालंय, पण लिहिते.

दगड पडला नव्हता. काका तेव्हा पंचविशीचे, दारावरचा माणूस. आतून धूर येत होता, आणि दाराच्या अलीकडे सगळी पाळी काम करत होती, दीड-दोनशे माणसं. वरून टेलिफोन आला, दार लाव. त्यांना आतून धावत येणारे दिवे दिसत होते. सात. त्यांनी कडी पाडली. मग आतून ठोकणं सुरू झालं. ठोकणं थांबेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

मी त्यांचा हात हातात घेतला. कोळशाचे काळे ठिपके कातडीत मुरलेले आहेत, ते धुतले तरी जात नाहीत. ते म्हणाले, “कुणाजवळ बोलू नकोस, पोरी. वर चुकून बोललीस तरी एक वेळ चालेल. खाली सांगायचं नाही.” का म्हणून मी विचारलं नाही. एवढं विश्वासानं सांगितलं याचंच मला अप्रूप वाटत होतं.

शनिवार, १६ ऑगस्ट

आज सान्तियागोहून चौघं आले होते. एक बाई सारखी घड्याळ बघत होती. दारापाशी आलो, मी नेहमीचं सुरू केलं, आणि तिनं उघडउघड जांभई दिली. मला काय झालं कोण जाणे. मी दिवा खाली केला आणि म्हटलं, लोक असं सांगतात. पण खरं वेगळंच आहे.

सगळं सांगितलं. धावत येणारे दिवे, टेलिफोन, कडी. चौघांपैकी कुणी श्वास घेत नव्हतं. बाईनं माझा हात घट्ट धरला. वर आल्यावर ती मार्सियालना म्हणाली की, असं अंगावर येणारं सांगणारी मुलगी तिनं पाहिली नाही. मार्सियाल खूष. रोज असंच सांग म्हणाले. काय सांगितलं ते मात्र विचारलं नाही.

काकांचं नाव घेतलं नाही. चार परकी माणसं, उद्या विसरतील. कुणाचं काय गेलं?

रविवार, १७ ऑगस्ट

आज दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी एकानं विचारलं, तो माणूस आहे का अजून? मी आहे म्हटलं. नाव काय? सगळे माझ्याकडे बघत होते. असं कुणी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. मी नाव सांगितलं.

परतताना वळणावर काका भेटले. मी दमले असेन म्हणून त्यांनी चहाचा थर्मास आणला होता. प्यायले. त्यांच्याकडे न बघता थर्मास परत दिला.

मंगळवार, १९ ऑगस्ट

सकाळी एकटीच खाली गेले होते, दिवे तपासायला. दारावर ठोकल्यासारखा आवाज. लोखंड गार पडलं की वाजतं, हे ठाऊक आहे. पण लोखंड थांबून ऐकत नाही. मी श्वास रोखला की तेही थांबत होतं.

दुपारी ओर्फेलिनाबाई भट्टीवरून पीठ तसंच टाकून घरी आल्या. भट्टीच्या तळातून कुणीतरी ठोकतंय म्हणाल्या. बायका पांगल्या. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. की बघत होत्या, आणि मीच—

बुधवार, २० ऑगस्ट

बाल्दोकाका आले. दाढी वाढलेली. बसा म्हटलं तर बसले नाहीत. त्यांच्या पलंगाच्या लोखंडी दांडीतून ठोके येतात. न्हाणीच्या पत्र्यातून येतात. दिवसाढवळ्या.

मग त्यांनी सरळ विचारलं, “तू खाली काही बोललीस का?”

मी म्हटलं, नाही. लगेच म्हटलं, विचारही केला नाही.

त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास बसला एवढंच नव्हे, तर विचारलं याचीच त्यांना लाज वाटली. म्हणाले, पोरी, माफ कर, म्हाताऱ्याचं डोकं आहे. मग आतल्या सातांना आपोआपच कळलं असणार. इतकी वर्षं अंधारात पडून माणूस विचार करणारच. आता आपणच जाऊन सांगितलं पाहिजे. शुक्रवारी पाहुणे नसतात. कुलूप उघडशील?

मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार होते? खरं सांगायला अजून उद्याचा दिवस आहे.

गुरुवार, २१ ऑगस्ट

सांगितलं नाही. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. आतून ते दाढी करताना गुणगुणत होते. जिभेला हाड नाही म्हणे. आज तीच जागची हलेना.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

दार वाऱ्यानं आपटलं. बाल्दोकाका आत गेले होते. दार वाऱ्यानं आपटलं आणि कडी पडली. मी वळणावरच्या टेलिफोनवरून वर कळवलं. दार वाऱ्यानं आपटलं.

शनिवार, २३ ऑगस्ट

काल बचाव पथक आलं ते तासाभरानं. दाराला एक तपासणीची नळी आहे, तिच्यातून वायू मोजला. फार होता. त्यांचा प्रमुख माझ्यासमोर उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, आतून काही आवाज येत असेल तर आम्ही प्राणवायूचे मुखवटे घालून आत्ता शिरतो. नसेल तर कन्सेप्सिओनहून मोठा पंखा येईपर्यंत थांबू, मेलेल्यासाठी जिवंत माणसं घालवायची नाहीत. आला होता का आवाज?

मी म्हटलं, नाही.

मी दाराला पाठ लावून बसले होते. ठोके माझ्या पाठीत बसत होते, म्हणून त्यांना ऐकू आले नाहीत.

रविवार, २४ ऑगस्ट

कुठंतरी खरं लिहिलं पाहिजे.

मी कुलूप काढलं. काकांनी कडी उचलली, दार ढकललं. ते आतल्या बाजूला उघडतं. आतून वास नाही, काही नाही. ते दोन पावलं आत गेले, टोपी काढली. म्हणाले, “मी बाल्दो. कडी मी पाडली. दगड पडला नव्हता.” मला वाटलं झालं, आता हे रडतील, आम्ही वर जाऊ.

आतून एक माणूस बोलला. तरुण आवाज. रागही नव्हता. म्हणाला, “माहीत आहे. त्या पोरीनं सांगितलं.”

काका वळले. दिव्याचा उजेड माझ्या तोंडावर. त्यांनी नुसतं बघितलं. बुधवारी माफी मागितली होती ना त्यांनी माझी, तेच त्यांना आठवत असावं.

ते बघणं मला सोसेना. त्या आवाजाची भीती नव्हती. खरंच नव्हती. दाराच्या मुठीला हात घातला आणि ओढलं. वरची आडकडी खाली पडली. मी पाडली.

त्यांनी दोनशे माणसं वाचवली. मी माझं तोंड वाचवलं.

सोमवार, २५ ऑगस्ट

पंखा आला. दार उघडलं. आत कुणी नाही.

काका नाहीत. जुनी सातही नाहीत. थोडं पुढं बोगदा दगडांनी बुजलेला, मांजरही जाणार नाही. पथकातले एकमेकांकडे बघत राहिले. फक्त दाराची आतली बाजू— सगळीकडे गंज, आणि छातीच्या उंचीवर मात्र घासून घासून चकचकीत.

कडी, कुलूप पुन्हा लावलं. त्यातल्या कुणीही मला विचारलं नाही, की कडीच पडली होती तर तू ती उचलली का नाहीस.

मंगळवार, २६ ऑगस्ट

ओर्फेलिनाबाई पाव घेऊन आल्या. चाळीतल्या प्रत्येक घरानं एकेक दिला होता. मी ते तसेच टेबलावर ठेवले. त्या पलंगावर बसल्या, माझे केस विंचरू लागल्या.

त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं, पहिल्या दिवसापासून. बाल्दोनं कडी पाडली म्हणून बाकीच्यांचे नवरे घरी आले. मग त्याला जगू द्यायला नको? दगडाची गोष्ट त्यांनीच रचली, सातही जणींनी. बाल्दोसाठी. आणि आत जे होते त्यांच्यासाठी, कारण दगडावर कुणी रागावत नाही. “आम्हाला सत्य नको होतं असं नाही गं. आम्हाला ते होतंच. फक्त त्यांना सांगायचं नव्हतं.”

मग कंगवा थांबला. म्हणाल्या, त्या बोगद्यात हवा आत जाते, बाहेर येत नाही. ते दार वाऱ्यानं लागूच शकत नाही. चाळीतल्या लेकराला विचारलं तरी सांगेल.

मी रडायला लागले. त्यांनी डोकं मांडीवर घेतलं. “वाऱ्यानंच लागलं, पोरी. आम्ही सगळ्या तसंच सांगू. उद्या खाली जाऊन त्यालाही सांगू.”

मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

बुधवार, २७ ऑगस्ट

गेल्या होत्या. मलाही नेलं. दारापाशी सगळ्या म्हणाल्या, वारा होता, बाल्दो. कुणाचा दोष नाही.

इतकी वर्षं आतल्यांनी ऐकलं, गप्प राहिले. पण काकांना कसं पटेल? त्यांनी मला बघितलंय. माझा हात बघितलाय.

परत आल्यापासून टेबलात. बशीत. खिडकीच्या गजात. पाव हातात घेतला तर पावात. जोरात नाही. कुणी झोपलं असेल, उठायला नको, अशा बेतानं ठोकतात.

चाळीतल्या बायकांनी कानात कापूस घातलाय. एकही मला काही म्हणत नाही. कुणी रस्त्यात थांबून हात दाबते. मी आणखी किती दिवस यांचे पाव—

गुरुवार, २८ ऑगस्ट

दुपार आहे. वर ऊन. मी खाली, दारापाशी. वही सोबत आणली, बाहेर ठेवणार आहे. म्हणजे माझ्यासाठी कुणाला वारा किंवा दगड रचायला लागू नये. ओर्फेलिनाबाई, हे वाचाल तेव्हा रागवा. जरूर रागवा.

आता ठोकत नाहीत. मी आले तसं थांबलं. पलीकडे कुणीतरी श्वास घेतंय. एक नाही. आठ.

मी मोठ्यानं म्हटलं, मी सांगितलं. पहिल्यांदा टाळ्यांसाठी, मग नावही सांगितलं. आणि कडी मी पाडली.

मग किल्ल्यांचा जुडगा काढला.

कुलूप काढलं. कडी उचलून अडकवली. दार आत उघडतं, म्हणजे मलाच ढकलायला हवं. हात लावलाय. एक हात दारावर, एका हातानं लिहितेय. गार नाही दार. उबदार आहे, माणसासारखं. मी अजून ढकललेलं नाही— थोडं थांबा, एवढं लिहू दे— मी ढकललेलं नाही, तरी ते सावकाश आत